घरचे स्पीकर, ओम्नीत

खुशालराव निलखनांनी घरातले दोन्ही स्पीकर उचलून ओम्नीत ठेवले, तेव्हा समोरच्या दुर्गाबाईला वाटलं, हा माणूस आता घरदार विकायला निघाला. हातातलं सूप तसंच घेऊन ती रस्त्यावर आली.

"काय हो खुशालभाऊ, कुठं चालल्या पेट्या?"

"अकोल्याले. गाडीत बसवून आनतो."

"घरातल्या पेट्या गाडीत?"

"घरात कोन आयकते?"

समोरच्या घरात एकच माणूस राहतो, आणि तोही उजाडायच्या आत फुलं घेऊन निघून जातो, हे दुर्गाबाई रोज पाहत होती. तिनं विचारलं, "शकुनले सांगतलं का?"

"तू सांगू नको. मी सोता दाखवीन तिले," असं म्हणून खुशालरावांनी ओम्नीचं मागचं दार आपटलं.

शकुन त्यांची बायको. नातीच्या जन्माच्या वेळी सुनेच्या बाळंतपणासाठी ती अमरावतीला गेली ती तिकडचीच झाली. जाताना म्हणाली होती, सहा महिन्यांची तर बात आहे. पण मुलगा कुंदन बँकेत, सून प्रणाली रक्ततपासणीच्या लॅबमध्ये, दोघंही सकाळीच घराबाहेर. तान्ही पोर कोणाजवळ ठेवायची? सहा महिन्यांचं वर्ष झालं, मग दुसरं लागलं, तिसरंही सरलं. नवराबायकोत भांडण असं काही झालं नाही. झालं असतं तर ते मिटवायला कोणीतरी मध्ये पडलं असतं. इथं मिटवायला काही नव्हतंच.

खुशालराव सुरुवातीला दर पंधरवड्याला अमरावतीला जायचे. पण शेतातला झेंडू काही माणसाची सोय पाहत नाही. तोडणीला आला की आला. शिवाय कुंदनच्या फ्लॅटमध्ये त्यांना कुठं बसावं ते कळेना. सोफ्यावर खेळणी, खुर्चीवर धुतलेले कपडे. बाहेर बाल्कनीत उभे राहिले तर सून म्हणे, "बाबा, आत या ना." आत आले की टीव्हीवर कार्टून चालू. हळूहळू फेऱ्या कमी झाल्या आणि फोन राहिला. फोनवरही, जेवले का, हाव, पाणी आलं का, आलं, एवढ्यावर दोघं यायचे आणि पलीकडं नात गीतू रडायला लागायची.

आता या स्पीकरांचं सांगायचं, तर ते आले शकुनमुळंच. कुंदन शाळेत होता तेव्हा एका दसऱ्याला झेंडूनं चांगला हात दिला. दोघं अकोल्याला गेले ते शकुनला पाटल्या करायला. सराफ्याच्या वाटेवर एका दुकानाबाहेर हे स्पीकर वाजत होते. लाकडी, मांडीएवढे उंच, समोर काळी जाळी. शकुन थबकली ती हलेचना.

"मले पाटल्या नको. हे घ्या."

"येडी झाली का व?"

"पाटल्या पेटीत पडून राहतीन. हे रोज बोलतीन."

एसटीत एक पेटी त्यांच्या मांडीवर, एक तिच्या. शेजारच्या म्हाताऱ्यानं गमतीनं विचारलंही, "जुळे आहेत का?" शकुन घरी पातूरला पोचेपर्यंत हसत होती.

त्यानंतर कितीतरी वर्षं त्या घराची संध्याकाळ म्हणजे ओसरीत फुलांचा ढीग, भोवती हार गुंफणाऱ्या गल्लीतल्या बाया आणि दोन कोपऱ्यांत दोन स्पीकर. रेडिओ लागे, कॅसेटी लागत, पुढं सीडी आल्या. खुशालरावांना आवाज मोठा लागे. स्वयंपाकघरातून शकुन ओरडे, "कमी करा तो, लेकरू अभ्यास करून राहिलं!" ते कमी करत आणि थोड्या वेळानं पुन्हा हळूच वाढवत.

ती गेल्यावरही त्यांनी काही दिवस गाणी लावून पाहिली. पण गाणं सुरू झालं की कान आपोआप स्वयंपाकघराकडं लागे. एकदा त्यांनी आवाज मुद्दाम वाढवत नेला. भिंतीवरचं कॅलेंडर थरथरायला लागलं. आतून कोणी ओरडलं नाही. त्यांनी बटण बंद केलं, दोन्ही पेट्यांवर जुनी चादर टाकली आणि कितीतरी महिने तिकडं पाहिलं नाही.

गाडीचं तसं नव्हतं. ओम्नी शकुन गेल्यावर घेतलेली. तीत ती कधी बसली नव्हती, म्हणून तिथं तिची उणीवही नव्हती. दारातले मूळचे स्पीकर फाटून गेले होते आणि पातूर-अकोला रस्त्यावर इंजिनाच्या घरघरीशिवाय सोबतीला काही नसे. असाच एकदा फुलं पोचवून परतताना खुशालरावांच्या मनात आलं, घरी पेट्या धूळ खाऊन राहिल्या आणि मी अथी बहिऱ्यासारखा हिंडून राहिलो. दुसऱ्याच दिवशी त्यांनी चादर काढली.

जठारपेठेत गोपालचं गाडीला डेक आणि स्पीकर बसवायचं दुकान आहे. त्यानं पेट्या पाहिल्या, पाठीमागून वाकून पाहिल्या आणि मान हलवली.

"काका, हे गाडीचं सामान नाई. यायले एका जागी बसाची सवय. रस्त्यानं यायचे हाडं खिळखिळे होतीन."

"होऊ दे."

"आन हे आठ ओहमचे. गाडीचा डेक चार ओहमच्या हिशोबानं असते. सरळ जोडले त जीव लावून वाजनार नाई. मदात अँप्लिफायर टाकावा लागीन."

"टाक."

"उन्हाचं काय करसान? एप्रिलात तुमची गाडी आतून भट्टी होते. स्पीकरचा पुठ्ठा तडकीन, कडंचा फोम गळून जाईन. गाडीचे स्पीकर त्याच्यासाठीच येगळे बनवतेत ना. नवीन लावून देतो, दारात मस्त बसतीन."

"नवीन नको. हेच बसव."

"अचानक ब्रेक मारला त पेटी सरळ टाळक्यात येईन, काका."

"मंग पक्की बांध."

पुढच्या सीटांमागं गोपालनं प्लायवूडची फळी नटबोल्टनं पत्र्याला आवळली, तीवर रबर अंथरलं, पेट्या ठेवून लोखंडी पट्ट्यांनी जखडल्या. तोंडं पुढं, खुशालरावांच्या पाठीकडं केली. वायरी ओढून सगळं जोडून झालं आणि गाणं लावलं तेव्हा तो स्वतःच जरा नाराज झाला. आवाज घुमत होता. डब्यात कोंडल्यासारखा.

"मी म्हनलंच होतं."

खुशालराव मात्र डोळे मिटून ऐकत होते. "बरा आहे," ते म्हणाले.

खरी गंमत त्यांना दुसऱ्या पहाटे कळली. मागं झेंडूची पोती छतापर्यंत भरली आणि गाणं लावलं, तर सगळा घुमारा गेलेला. पोत्यांनी तो पिऊन टाकला होता. ओसरीत फुलांच्या ढिगाशेजारी लागायचा तसा भरीव, मऊ आवाज आला. अकोल्यापर्यंत, सूर मोडेल म्हणून, खुशालराव एकदाही खोकले नाहीत. परतीला गाडी रिकामी झाली की आवाज पुन्हा पत्र्यासारखा. म्हणून ते जाताना ऐकत, येताना बंद ठेवत.

फुलबाजारात चेष्टा झाली. ज्याच्याकडं त्यांची फुलं जात तो अडत्या देवानंद ओरडला, "खुशालभाऊ, वरात कोनाची हो?" कोणी म्हणालं, फुलं विकाची सोडून आता डीजे धरा. खुशालराव हसून पोती उतरवत. त्या चेष्टेचंही त्यांना बरंच वाटे. निदान कोणीतरी आपल्याशी बोललं.

पण गाडीची सवय वाढत गेली. दुपारी तोडणीच्या बाया झाडाखाली जेवायला बसल्या की ते डबा घेऊन ओम्नीत जाऊन बसत. संध्याकाळी घरी आले तरी कुलूप उघडायच्या आधी अंगणातच गाडीत बसून राहत. थोडं ऐकून जाऊ, म्हणत. एकदा असे बसले की बॅटरी पार उतरली. सकाळी पोती भरली, चावी फिरवली तर नुसती टकटक. दुर्गाबाई, तिची सून, दूध घ्यायला आलेली दोन माणसं अशा सगळ्यांनी धक्का मारला तेव्हा गाडी चालू झाली. बाजाराला उशीर झाला, फुलं कोमेजली. त्याच संध्याकाळी दुर्गाबाई सरळ गाडीच्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"भाऊ, घर असून गाडीत काहून बसून राहता?"

त्यांनी आवाज कमी केला.

"तिले पाहून या एकदा," ती म्हणाली आणि गेली.

दिवाळीची फुलं आटोपल्यावर ते अमरावतीला निघाले. मागं शेवंतीचे क्रेट भरून घेतले. कुंदनच्या कॉलनीत कोणालाही वाटता येतील, आणि खरं म्हणजे आवाज चांगला लागावा म्हणून. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं. वाटभर ते मनात घोळवत होते, शकुन गाडीत बसेल, आपण काही न सांगता गाणं लावू, ती चमकून मागं पाहील. मग एसटीतल्या त्या म्हाताऱ्याची आठवण निघेल. मग आपण म्हणू, चल, चार दिवस घरी चल.

कठोरा नाक्याजवळच्या कुंदनच्या इमारतीखाली गाडी लावून त्यांनी फोन केला.

"खाली ये जरा."

"आले का? वर या ना, गीतू शायेत गेली. चहा ठेवते."

"नाई, तू खाली ये. काही दाखवाचं आहे."

शकुन आली. अंगात गाऊन, वर ओढणी. पातूरला तिला लुगडं सोडून दुसऱ्या कपड्यात कोणी पाहिलं नव्हतं. ती शेजारच्या सीटवर बसली, शेवंतीचा वास घेतला, म्हणाली, "गाडी चांगली ठेवली." खुशालरावांनी गाणं लावलं.

तिला ओळखायला वेळ लागला नाही. ती गर्रकन वळली. लाकडावर कुंदननं लहानपणी कर्कटकानं कोरलेलं नाव होतं, त्यावरून तिनं बोट फिरवलं. खुशालराव तिच्या तोंडाकडं पाहत होते. ती हसली नाही.

"ओसरीत काय ठेवलं मंग?"

"काई नाई."

"रिकामंच आहे?"

"हाव."

ती पुन्हा समोर बघून बसली. "म्हनजे तुमी धरूनच चालले."

"काय?"

"का मी आता येत नाई."

खुशालरावांनी गाणं बंद केलं. "तसं नाई व, शकुन," ते म्हणाले. पण तिनं म्हटल्यावर त्यांनाही वाटलं, असेलही तसं. शेवटी जे इतक्या दिवसांत एकदाही सरळ विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"येशीन का मंग?"

शकुननं फाटकाकडं पाहिलं. तिथं वॉचमन पाण्याची झारी घेऊन कुंड्यांना पाणी घालत होता.

"गीतूची शाया आता कुठं लागली," ती म्हणाली. "आन खरं सांगू का? मले अथी करमते. दुपारी खालच्या बाया येतात, त्यायले गजरे शिकवते. कोनी घाई करत नाई. आन माही कंबर अथी दुखत नाई."

"कंबर?"

"कुंदन झाल्यापासून दुखे. रोज पहाटे वाकून झेंडू तोडाचा, मंग खाली बसून हार करा. पातूरले आली त पुन्हा तेच वाकनं."

"तू कधी बोलली नाई."

"तुमी कधी गानं बंद करून इचारलं?"

ती रागानं बोलली नव्हती. किती वाजले ते सांगावं तसं बोलली होती. खुशालरावांना मात्र स्टिअरिंगवरचे आपले हात कुठं ठेवावेत ते कळेना. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की त्या ओसरीत दोघंही सुखानं गाणी ऐकत आहेत. एक जण ऐकत होता. दुसरं माणूस कंबर दाबून हार संपायची वाट पाहत होतं.

"तुमीच या अथी," शकुन म्हणाली. आता तिचा स्वर नरम झाला होता. "जमीन मक्त्यानं देऊन टाका कोनाले."

"आन अथी मी दिवसभर करू काय?"

शकुन दार उघडून खाली उतरली. दोघं वर गेले. तिनं भाकरी टाकली, ठेचा कुटला, त्यांच्या ताटात तेल वाढलं. जेवणं होईतो नात शाळेतून आली. तिनं आजोबांच्या मिशा ओढून पाहिल्या, मांडीवर बसली आणि अगदी प्रेमानं विचारलं, "आजोबा, तुम्ही कधी जाणार?"

ऊन उतरायच्या आत ते निघाले. शेवंती शकुननं सगळ्या मजल्यांवर वाटून टाकली होती. बडनेऱ्याबाहेर त्यांनी गाणं लावलं, पण मागं रिकामे क्रेट खडखडत होते आणि आवाज घुमून कानांवर आदळत होता. बंद केलं. पुढं अकोला येईपर्यंत आणि अकोल्याहून पातूर येईपर्यंत ते नुसती गाडी चालवत राहिले.

हिवाळा कसातरी गेला. गाडीत गाणी वाजत, पण तो पहिला गोडवा उरला नव्हता. मध्येच, एखादं चांगलं गाणं लागलेलं असताना, त्यांना शकुनचा तो प्रश्न आठवे आणि बोट बटणाकडं जाई. मग गोपाल म्हणाला होता तसंच झालं. एप्रिलात अकोल्याचं ऊन पेटलं. बाजारात उन्हात उभी राहिलेली ओम्नी दुपारी हात लावू देईना. आधी डावीकडची पेटी फर्रफर्र करायला लागली, आठवड्याभरात उजवीही. गोपालनं जाळी काढली आणि कडेचा फोम चिमटीत धरला, तर त्याचा भुगा झाला. आतला पुठ्ठा लांबच लांब चिरला होता.

"काका, मी सांगतलं होतं."

"हाव. सांगतलं होतं."

"दुरुस्त होईन म्हना. पन पुन्हा गाडीत ठेवले त पुन्हा जातीन. घरी नेता का?"

खुशालरावांनी जरा विचार केला. "नाई," ते म्हणाले. "दारातले लाव. नवे."

पेट्या दुकानातच राहिल्या. पुढं कधी ते जठारपेठेतून गेले की दिसत. त्यावर जाड रेक्झिन ठोकून गोपालनं दुकानाबाहेर बाकडी केली होती आणि गिऱ्हाइकं चहा पीत त्यावर बसलेली असत.

पेट्या सोडून आले त्या संध्याकाळी त्यांनी शकुनला फोन केला. सांगताना त्यांना उगीच वाटत होतं की ती चिडेल. निदान हळहळेल.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "जुने झाले होते."

"हाव," खुशालराव म्हणाले. "जुने झालेच होते."

मे महिन्यात प्रणालीची आई लेकीकडं राहायला आली, म्हणून शकुनला चार दिवस पातूरला येता आलं. ती यायच्या आधी खुशालरावांनी अकोल्याहून एक उंच टेबल आणि पाठीची खुर्ची आणून ओसरीत मांडली. शकुननं ते पाहिलं.

"हे कायले?"

"हार करते म्हनशीन त खाली बसाचं काम नाई."

संध्याकाळी खुर्चीवर बसून तिनं खरोखरच एक हार गुंफला. खुशालराव पायरीवर बसून तिला सुईत दोरा ओवून देत होते. घरात कुठलंच गाणं लागलेलं नव्हतं. ती गीतूच्या शाळेचं सांगत होती, ते विहिरीच्या पाण्याचं. मध्येच त्यांनी विचारलं, "कंबर?" ती म्हणाली, "आता बरी आहे," आणि पुन्हा गीतूवर आली. दुर्गाबाई डोकावली, दोघांना बोलताना पाहून काही काम नसल्यासारखी परत गेली. खुशालरावांना वाटलं, असंच बसावं, कोणी काही वाजवू नये. पण चार दिवस म्हणजे चारच दिवस.

अकोला स्टेशनला तिला सोडायला निघाले तेव्हा फुलंही भरलेली होती. नवे स्पीकर दारात होते. त्यांनी डेकला हात लावला नाही. शकुन वाटभर बोलत होती. गीतूला वरण आवडत नाही, प्रणालीला बढती मिळणार आहे, खालची गुजराती बाई गजरा उलटा गुंफते. खुशालराव ऐकत होते. ट्रॅक्टर आडवा आला की हॉर्नही ते बेतानं वाजवत. स्टेशनवर तिनं खिडकीची जागा धरली, पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाली, "येळेवर जेवत जा." गाडी हलली. तिनं हात केला, तोपर्यंत शेजारच्या बाईनं तिला काहीतरी विचारलं आणि ती तिकडं वळली.

खुशालराव फुलबाजारात पोचले तेव्हा निम्मा बाजार उठला होता. देवानंद पोती उतरवून घेता घेता म्हणाला, "खुशालभाऊ, आज लय उशीर?"

"पावने होते घरी," खुशालराव म्हणाले.

बोलून गेल्यावर ते पोतं हातात धरून क्षणभर उभे राहिले. देवानंद दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. मग त्यांनी ते पोतं खाली टेकवलं आणि पुढचं काढायला ओम्नीकडं गेले.